हळद आणि जेंटामायसिन: जोडीचा परिणाम चेकरबोर्ड पद्धतीने कसा मोजावा

सांगली-साताऱ्याकडच्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पांचे विषय ठरू लागले की हळद आल्याशिवाय राहत नाही. बाजारपेठ दारात आहे, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि ‘हळदीच्या अर्कामुळे प्रतिजैविकाचा प्रभाव वाढतो’ हा निष्कर्ष प्रबंधात शोभूनही दिसतो. अडचण एवढीच, की या निष्कर्षामागचा पुरावा बहुतेक वेळा आगर प्लेटवर जरा मोठे दिसणारे, जिवाणू न उगवलेले वर्तुळ (झोन) इतकाच असतो. कागदी डिस्कवर प्रतिजैविकासोबत अर्क टाकला आणि झोन दोन-तीन मिलिमीटरने वाढला, तर दोन्ही पदार्थ आपापले काम करीत आहेत एवढेच त्यातून कळते. एक दुसऱ्याचे काम वाढवतो आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय हळदीतील करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्यामुळे आगरमध्ये ते नीट पसरतच नाही आणि झोनचा आकार मुळातच फसवा ठरतो. म्हणून या लेखात झोनची पद्धत बाजूला ठेवून ९६ वेलच्या (लहान खळग्यांच्या) प्लेटवरील चेकरबोर्ड पद्धत, म्हणजे दोन्ही पदार्थांच्या वेगवेगळ्या संहती बुद्धिबळाच्या पटासारख्या आडव्या-उभ्या जुळवून पाहण्याची रीत, जेंटामायसिन हे प्रतिजैविक आणि हळदीचा अर्क ही जोडी घेऊन, पायरीपायरीने मांडली आहे. दुसरी कोणतीही जोडी घेतली तरी आकडे बदलतील, रीत बदलणार नाही.

आधी जोडीचे गणित

दोन जिवाणूरोधक पदार्थ एकत्र आले की तीन गोष्टी संभवतात: परिणाम अपेक्षेपेक्षा बराच वाढतो, म्हणजे सिनर्जी दिसते, विशेष काही घडत नाही, किंवा एक पदार्थ दुसऱ्याच्या आड येतो. सिनर्जीची खात्रीलायक उदाहरणे पाहिली तर प्रत्येकामागे कारण सापडते. सल्फामेथॉक्साझोल आणि ट्रायमेथोप्रिम हे दोघे जिवाणूच्या फोलेट बनवण्याच्या एकाच साखळीतील दोन वेगवेगळ्या पायऱ्या अडवतात. क्लाव्हुलॅनिक आम्ल स्वतः फारसे जिवाणू मारत नाही, पण अमॉक्सिसिलिन फोडणारे बीटा-लॅक्टमेज हे विकर निकामी करते. एंटरोकॉकसच्या बाबतीत अँपिसिलिन पेशीभित्तिका कमकुवत करते आणि एरवी आत शिरू न शकणारे जेंटामायसिन पेशीत पोहोचते.

आड येण्याचेही उदाहरण जुने आणि गंभीर आहे. १९५१ मध्ये लेपर आणि डाउलिंग यांनी न्युमोकॉकसमुळे झालेल्या मेंदूज्वराच्या रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात पेनिसिलिनसोबत क्लोरटेट्रासायक्लिन दिलेल्या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण नुसते पेनिसिलिन दिलेल्या रुग्णांपेक्षा कितीतरी अधिक होते. पेनिसिलिन वाढत्या पेशीवर काम करते, टेट्रासायक्लिन वाढच थांबवते. मग पेनिसिलिनला काम उरत नाही. तेव्हा ‘एकापेक्षा दोन बरे’ हा व्यवहारातला हिशेब इथे चालत नाही. औषधाच्या दुकानात एका गोळीत दोन औषधे मिळतात म्हणून त्यांच्यात सिनर्जी आहे, असेही समजू नये. ऑफ्लोक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असतात ते निरनिराळ्या जंतूंसाठी. केंद्र सरकारने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये ठरावीक मात्रेत एकत्र केलेल्या औषधांच्या ३२८ मिश्रणांवर बंदी घातली, तीही त्यांच्या एकत्र येण्याला वैद्यकीय आधार नसल्याच्या कारणावरून.

जिवाणू, माध्यम आणि औषध

जिवाणू म्हणून स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा एटीसीसी (अमेरिकेतील जिवाणू-संग्रह) २९२१३ हा प्रमाण वाण घ्यावा. इथे एक गल्लत नेहमी होते: २५९२३ हा वाण डिस्क पद्धतीसाठी असतो, ब्रॉथमधील (द्रव माध्यमातील) एमआयसीसाठी २९२१३. दोन्ही कपाटात शेजारी असतात आणि लेबल अर्धवट लिहिलेले असते, त्यामुळे बाटलीवरचा क्रमांक स्वतः वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. एमआयसी म्हणजे वाढ थांबवणारी किमान संहती. जेंटामायसिनसाठी या वाणाची एमआयसी ०.१२ ते १ मायक्रोग्रॅम प्रति मिलि या मर्यादेत आली पाहिजे. ती बाहेर गेली तर चूक माध्यमात, औषधात किंवा इनॉक्युलममध्ये (पेरलेल्या जिवाणूंच्या द्रवात) आहे आणि ती सापडेपर्यंत हळदीला हात लावण्यात अर्थ नाही. रुग्णालयातून आणलेल्या प्रतिरोधक वाणांचा मोह पहिल्या टप्प्यात टाळावा. त्यासाठी परवानग्या लागतात आणि जैवसुरक्षेची दुसऱ्या पातळीची सोय लागते. प्रमाण वाणही हा रोगकारक जिवाणूच आहे, त्यामुळे त्यालाही तीच पातळी लागते आणि सर्व काम सेफ्टी कॅबिनेटमध्ये, हातमोजे घालूनच करावे.

माध्यम म्हणून कॅटायन-समायोजित मुलर-हिंटन ब्रॉथ वापरावा, ज्यात कॅल्शियम २० ते २५ आणि मॅग्नेशियम १० ते १२.५ मिलिग्रॅम प्रति लिटर असते. करक्युमिन धातूंच्या आयनांना धरून ठेवू शकते, त्यामुळे आयनांचे प्रमाण माहीत नसलेल्या ब्रॉथमध्ये मिळालेला निकाल नेमका कशामुळे आला हे सांगता येत नाही.

जेंटामायसिनचे इंजेक्शन मेडिकलमधून आणून वापरण्याची पद्धत स्वस्त पडते, पण ती या प्रयोगाला घातक आहे. अशा काही इंजेक्शनांत पॅराबेन हे परिरक्षक असते, काहींत ईडीटीएही असते. ईडीटीए स्वतःच जिवाणूच्या आवरणातील धातू-आयन ओढून घेते. म्हणजे जी सिनर्जी हळदीच्या नावावर जमा होईल, तिचा काही वाटा बाटलीतल्या ईडीटीएचाही असू शकेल. म्हणून शुद्ध जेंटामायसिन सल्फेटची पावडर घ्यावी आणि तिच्या बाटलीवर लिहिलेली पोटन्सी (एक मिलिग्रॅम पावडरीत खरे औषध किती) पाहून वजन करावे. उदाहरणार्थ, पोटन्सी ६४० मायक्रोग्रॅम प्रति मिलिग्रॅम असेल आणि १२८० मायक्रोग्रॅम प्रति मिलि संहतीचे १० मिलि द्रावण हवे असेल, तर १० गुणिले १२८० भागिले ६४० म्हणजे २० मिलिग्रॅम पावडर लागेल. पोटन्सी न पाहता १२.८ मिलिग्रॅम घेतले, तर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो.

हळद कुठली, कशी

‘सांगलीची हळद’ एवढे लिहून भागत नाही. मार्केट यार्डातून आणलेले हळकुंड राजापुरी आहे की सेलम, ते शिजवून वाळवलेले आहे का, पॉलिश झालेले आहे का, कोणत्या हंगामाचे आहे, हे सर्व नोंदवावे. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) पूर्वी हळद वर्षानुवर्षे साठवली जात असे; २००५ च्या महापुराने त्या पेवांची मोठी हानी झाली आणि आता माल बहुतेक गोदामांत व शीतगृहांत असतो. साठवणीचा काळ आणि रीत यांनुसार करक्युमिनॉइडचे प्रमाण बदलते, म्हणून गोदामाची नोंदही उपयोगी पडते. दळलेली पूड घेऊ नये. तिच्यात भेसळ असण्याची शक्यता असते, आणि ती शिसे-क्रोमेटची असेल तर प्रयोगात जड धातू शिरतो.

हळकुंड धुऊन, पुसून, सावलीत वाळवून प्रयोगशाळेतच दळावे. पूड इथेनॉलमध्ये भिजत घालून अधूनमधून हलवत दोन-तीन दिवस ठेवावी, गाळावी, आणि गाळलेला द्रव रोटरी इव्हॅपोरेटरवर कमी तापमानाला आटवावा. उरलेला चिकट अर्क तोलून गडद बाटलीत, वरून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून, ४ अंश सेल्सियसला ठेवावा. करक्युमिन प्रकाशाने खराब होते. शक्य असेल तर विकतचे करक्युमिनही समांतर तपासावे, मात्र त्यावर ‘करक्युमिन’ असे छापलेले असले तरी त्यात साधारणपणे डीमेथॉक्सी आणि बिसडीमेथॉक्सी ही त्याची भावंडेही असतात, हे लक्षात असू द्यावे.

पुढची अडचण सर्वांत मोठी आहे आणि ती प्रबंधांत सहसा लिहिली जात नाही. ३७ अंशांवर, ७.२ सामू असलेल्या आणि सीरम नसलेल्या द्रावणात करक्युमिनचे अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के विघटन होते, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मुलर-हिंटन ब्रॉथचा सामू ७.२ ते ७.४ असतो. म्हणजे रात्रभर उबवलेल्या प्लेटमध्ये सकाळी आपण जे पाहतो, ते निव्वळ करक्युमिनचे काम असेलच असे नाही. त्याच्या तुकड्यांचेही असू शकते. यावर पूर्ण इलाज नाही, पण अर्क प्लेटमध्ये जेंटामायसिननंतर, जिवाणूंच्या अगदी आधी घालणे आणि निष्कर्षात ‘करक्युमिनमुळे’ न लिहिता ‘अर्काच्या उपस्थितीत’ असे लिहिणे, एवढे तरी करता येते.

द्रावणांची तयारी

प्रथम दोन्ही पदार्थांची एमआयसी वेगवेगळी काढून घ्यावी, कारण प्लेटवरील संहती त्यावरून ठरते. समजा जेंटामायसिनची ०.५ आणि अर्काची २५६ मायक्रोग्रॅम प्रति मिलि आली. मग जेंटामायसिनच्या नऊ संहती घ्याव्यात: २, १, ०.५ अशा निम्म्या होत ०.००८ पर्यंत. अर्काच्या सात घ्याव्यात: ५१२ पासून ८ पर्यंत. प्रत्येक वेलमध्ये एकूण १०० मायक्रोलिटर असेल: जेंटामायसिनचे २५, अर्काचे २५ आणि जिवाणूंचे ५०. त्यामुळे दोन्ही औषधे चौपट संहतीची बनवावीत. जेंटामायसिनचे वरचे द्रावण ८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिचे होईल आणि पुढची ब्रॉथमध्येच निम्मी करत जावीत.

अर्काचे मात्र तसे करू नये. तो डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात विरघळवलेला असतो, आणि ब्रॉथमध्ये निम्मे करत गेले तर वरच्या वेलमध्ये डीएमएसओ जास्त व खालच्या वेलमध्ये कमी राहतो. मग परिणाम अर्काचा की डीएमएसओचा, हे कळत नाही. म्हणून ५१.२ मिलिग्रॅम प्रति मिलिचे मूळ द्रावण डीएमएसओमध्ये करून त्यापासून पुढची सहा पातळ द्रावणेही डीएमएसओमध्येच बनवावीत, आणि मग सातांपैकी प्रत्येकाचा एक भाग २४ भाग ब्रॉथमध्ये मिसळावा. अशाने प्रत्येक नळीत डीएमएसओ ४ टक्के आणि शेवटी प्रत्येक वेलमध्ये १ टक्का राहतो. जिथे अर्क नाही तिथेही ४ टक्के डीएमएसओचा ब्रॉथ २५ मायक्रोलिटर घालावा.

प्लेट भरणे

प्लेटवर ए ते एच अशा आठ आडव्या ओळी आणि १ ते १२ उभे स्तंभ असतात. पहिल्या स्तंभात जेंटामायसिन नसेल, त्याजागी साधा ब्रॉथ; दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंत ते चढत्या क्रमाने. ए ओळीत अर्क नसेल. बीपासून एचपर्यंत तो चढत्या क्रमाने. अशा रीतीने ए ओळीत जेंटामायसिनची आणि पहिल्या स्तंभात अर्काची स्वतंत्र एमआयसी त्याच प्लेटवर मिळते, आणि ही गोष्ट पुढे हिशेबात निर्णायक ठरते. अकराव्या स्तंभात औषध घालू नये: वरच्या चार वेलमध्ये नुसती वाढ, खालच्या चारमध्ये डीएमएसओसह वाढ. दोन्हींत फरक दिसला तर डीएमएसओच जिवाणूंना त्रास देत आहे. बाराव्या स्तंभात त्या-त्या ओळीचा अर्क आणि ब्रॉथ, पण जिवाणू नाहीत. हा स्तंभ रंग आणि साका तपासण्यासाठी. ५१२ ला अर्क बहुधा साकळतो आणि तो गढूळपणा वाढीसारखा दिसतो. ज्या संहतीपासून बाराव्या स्तंभात साका दिसेल, तिथपासून वरचे वेल हिशेबातून वगळावेत, कारण प्रत्यक्षात किती अर्क विरघळला हे आपल्याला माहीत नसते.

इनॉक्युलमसाठी आदल्या दिवशीच्या ताज्या वसाहती सलाइनमध्ये मिसळून गढूळपणा ०.५ मॅकफारलंड या प्रमाण गढूळपणाशी जुळवावा. हे प्रमाण घरचे बनवायचे असेल तर १.१७५ टक्के बेरियम क्लोराइडचे ०.०५ मिलि आणि १ टक्का सल्फ्युरिक आम्लाचे ९.९५ मिलि एकत्र करावेत आणि वापरण्यापूर्वी जोरात हलवावे, कारण बेरियम सल्फेट तळाशी बसते. जुळलेल्या द्रवात मिलिलिटरमागे सुमारे १५ कोटी पेशी असतात. तो ब्रॉथमध्ये दीडशेपट पातळ केला की १० लाख होतात, आणि वेलमध्ये अर्ध्याने घटून ५ लाख. यावर विसंबून न राहता वाढीच्या वेलमधून १० मायक्रोलिटर काढून १० मिलि सलाइनमध्ये मिसळावे आणि त्यातील १०० मायक्रोलिटर आगरवर पसरवावे. ५० च्या आसपास वसाहती आल्या पाहिजेत. दोनशे आल्या तर त्या दिवसाची प्लेट मोडीत काढावी.

आधी जेंटामायसिन, मग अर्क, आणि लगेच जिवाणू असा क्रम ठेवावा. प्लेट झाकून ओल्या कापसाच्या डब्यात, ३५ अंशांवर १६ ते २० तास ठेवावी. एप्रिल-मेमध्ये इकडे हवा इतकी कोरडी असते की कडेच्या वेलमधले पाणी आटून संहती वाढते. ओला कापूस ही शोभेची सूचना नाही. चारपेक्षा जास्त प्लेट एकावर एक रचू नयेत, मधल्या प्लेट उशिरा तापतात.

वाचन

रेझाझुरिन हे रंगद्रव्य घातले की वाढ असलेला वेल निळ्याचा गुलाबी होतो. पण हळदीच्या पिवळ्या रंगात निळा मिसळला की हिरवट आणि गुलाबी मिसळला की नारिंगी छटा दिसते, आणि मधल्या ओळींत डोळा ठाम उत्तर देत नाही. शंकास्पद वेलसाठी दुसरा मार्ग आहे. वेलमधला द्रव हजारपट पातळ करावा, म्हणजे १० मायक्रोलिटर सुमारे १ मिलि सलाइनमध्ये आणि त्यातले १०० मायक्रोलिटर ९०० मध्ये. मग ५ मायक्रोलिटरचा थेंब आगरवर ठेवावा. वाढ थांबलेली असेल तर दोन-तीन वसाहती किंवा त्याहून कमी येतात, पूर्ण वाढ झाली असेल तर थेंबाची जागा गच्च भरते. पातळ न करता थेट थेंब ठेवणे चुकीचे, कारण नुसते थांबलेले पण जिवंत जिवाणूही त्यात भरपूर उगवतात आणि प्रत्येक वेल ‘वाढ आहे’ असेच सांगतो.

निर्देशांक

प्रत्येक ओळीत वाढ थांबलेला पहिला वेल शोधावा. त्या वेलमधील जेंटामायसिनची संहती भागिले त्याच प्लेटवरची जेंटामायसिनची एमआयसी, अधिक अर्काची संहती भागिले त्याच प्लेटवरची अर्काची एमआयसी, ही बेरीज म्हणजे एफआयसी (फ्रॅक्शनल इनहिबिटरी कॉन्सन्ट्रेशन) निर्देशांक. तो ०.५ किंवा कमी असेल तर सिनर्जी, ४ पेक्षा जास्त असेल तर विरोध, आणि मधल्या सर्व ठिकाणी ‘परस्परपरिणाम नाही’ असे मानावे. ०.५ ते १ च्या पट्ट्याला ‘अंशतः सिनर्जी’ असे गोड नाव देणारे प्रबंध पुष्कळ आहेत. ते नाव मी माझ्या विद्यार्थ्यांना वापरू देत नाही.

कारण असे: समजा एका वेलमध्ये जेंटामायसिन ०.१२५ आणि अर्क ६४ ला वाढ थांबली. एमआयसी ०.५ आणि २५६ असतील तर ०.२५ अधिक ०.२५, निर्देशांक ०.५, म्हणजे सिनर्जी. पण त्या दिवशी प्लेटवर जेंटामायसिनची एमआयसी एक पायरी खाली, ०.२५, आली असेल तर तोच वेल ०.५ अधिक ०.२५ म्हणजे ०.७५ देतो आणि सिनर्जी नाहीशी होते. एका पायरीचा फरक या पद्धतीत नेहमीचाच आहे. म्हणूनच एमआयसी गेल्या आठवड्याच्या वहीतून न घेता त्याच प्लेटवरून घ्यायची, आणि वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या इनॉक्युलमने किमान तीन प्लेट करायच्या. एकाच दिवशी शेजारी भरलेल्या तीन प्लेट म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. सर्वांत कमी निर्देशांक लिहायचा की सर्व ओळींची सरासरी, हेही आधीच ठरवून वहीत लिहावे. निकाल पाहून ठरवले की नेहमी सोयीचाच आकडा निवडला जातो.

५१२ लाही अर्काने वाढ थांबवली नाही, तर अर्काची एमआयसी आपल्याकडे नाही आणि निर्देशांक काढता येत नाही. ‘१०२४ धरू’ असे म्हणून तो काढू नये. त्याऐवजी अमुक इतक्या अर्काच्या उपस्थितीत जेंटामायसिनची एमआयसी इतक्या पटीने घटली, असे सरळ लिहावे.

पद्धत आपल्या हाताला बसली आहे का हे पाहण्यासाठी एक ज्ञात जोडी आधी चालवावी. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ वर ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्साझोल घेतले तर सिनर्जी दिसली पाहिजे. सल्फाची कड अस्पष्ट असते, तिथे सुमारे ८० टक्के वाढ घटलेला वेल धरावा. ही जोडी सिनर्जी दाखवत नसेल, तर हळदीच्या प्लेटवर काहीही दिसले तरी त्यावर विश्वास ठेवू नये.

टाइम-किल

चेकरबोर्ड वाढ थांबण्याबद्दल बोलते, मारण्याबद्दल नाही. निर्देशांक ०.५ किंवा त्याखाली सातत्याने आला, तरच टाइम-किल, म्हणजे किती वेळात किती जिवाणू मरतात हे मोजणारी चाचणी, करावे. नाहीतर श्रम वाया जातात. चार फ्लास्क: औषधाविना, फक्त जेंटामायसिन, फक्त अर्क, आणि दोन्ही. ०, २, ४, ८ आणि २४ तासांनी नमुने पातळ करून मोजावेत. २४ तासांना जोडीतील मोजणी अधिक प्रभावी एकट्या पदार्थापेक्षा किमान शंभरपट कमी असेल तर सिनर्जी म्हणावे, मात्र दोघांपैकी एक तरी पदार्थ एकट्याने वाढीवर परिणाम करणार नाही इतका कमी असला पाहिजे. जेंटामायसिन नमुन्यासोबत आगरवर जाऊन तिथेही जिवाणू रोखू शकते, म्हणून पेशी सेंट्रिफ्यूज करून एकदा धुऊन घ्याव्यात.

एमआयसीपेक्षा कमी औषधात वाढलेल्या वेलमधील जिवाणू पुन्हा पुन्हा वाढवत बसू नयेत, तो प्रतिरोधक वाण तयार करण्याचा मार्ग आहे. वाचन संपले की प्लेट, टिप आणि नळ्या १२१ अंश, १५ पौंड दाबाला किमान ३० मिनिटे ऑटोक्लेव्ह कराव्यात आणि इंडिकेटर टेप रंगली आहे हे पाहूनच कचऱ्यात टाकाव्यात. प्रबंधात हळकुंडाचा प्रकार, अर्काची रीत, डीएमएसओची टक्केवारी, वगळलेले वेल आणि तिन्ही दिवसांचे वेगवेगळे निर्देशांक द्यावेत, आणि हा निकाल प्लेटमधल्या एका वाणाचा आहे, जेंटामायसिन घेणाऱ्या रुग्णाला हळदीचे दूध पाजण्याचा सल्ला नव्हे, हे स्पष्ट शब्दांत लिहावे.